बुजगावण्याच्या खांद्यावरचे पाणकावळे

तिनं माझ्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि बुजगावण्याला डोळे काढले. आधीचे डोळे पाण्याच्या शिंतोड्यांनी पुसून गेले होते. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याच्या डोक्याचं मडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. उजवा डोळा बरा आला. डावा तिरळा झाला.

"अगं, तिरळं दिसायलंय," मी म्हणलो.

"ज्याचे कपडे घालून हुभं हाय, त्याची नजर तरी कुठं सरळ हाय?" ती म्हणली आणि बोट लुगड्याला पुसलं.

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं हे शेवटचं काम. लोकांचं माणूस जातं तेव्हा सांगायला काहीतरी चांगलं निघतं. कोणी म्हणतं देवाला जाऊन आलो होतो, कोणी म्हणतं नातवाचं जावळ काढलं होतं. माझ्या वाटणीला मडक्याचे डोळे आले. त्याची तक्रार नाही. पण ते बुजगावणं तिथं पाण्यात कशाला होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या गावाजवळ सरकारनं तलाव केला. दुष्काळातलं काम. त्या कामावर तिनं डोक्यावरून माती वाहिली आणि त्याच मातीच्या भिंतीनं आमचं रान पाण्याखाली घातलं. आपलंच रान बुडवायला आपणच पाट्या वाहायच्या, हा मान सगळ्यांना मिळत नाही. रान गेलं, बांधावरची एक बाभळ तेवढी पाण्यात उभी राहिली. पुढं ती वाळली, पण पडली नाही. लेकरं तान्ही होती तेव्हा खुरपणीच्या वक्ताला ती त्या बाभळीला झोळी बांधायची. तलावात आमचं म्हणावं असं तेवढंच वर दिसत होतं.

पाणी आलं तसे पक्षीही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायचा ठरावही कोणी केला नव्हता, तोपर्यंत ठीक चाललं होतं. ती धुणं घेऊन जायची, मी बैल धुवायला. कामं झाली की भिंतीवर बसायचो आणि बघायचो. मला शाळा थोडी. तिला तेवढीही नाही. पण बघायला सही करावी लागत नाही.

पाणकावळा काळाकुट्ट. त्याच्या चोचीच्या टोकाला खाली वळलेला आकडा असतो, विळ्याच्या शेंड्यासारखा. मासा एकदा त्या आकड्यात आला की बुळबुळीत असला तरी सुटत नाही. पाण्यात उडी मारली की लय वेळ खाली राहतो आणि वर येतो तो भलत्याच ठिकाणी. पोट भरलं की बाभळीवर बसून दोन्ही पंख पसरून उभा. बदकाच्या अंगावरचं पाणी घरंगळून जातं, याचं तसं नाही, हा पार भिजतो.

"बदकाला देवानं तेल दिलं, ह्याला न्हाई दिलं," मी एकदा म्हणलो.

"दिलं आसंल," ती म्हणली. "ह्याच्या वाटणीचं पामतेल रेशनवाल्यानं खाल्लं."

दुसरा होता तो पाण्यात पोहताना नुसती मान वर ठेवायचा. लांबून साप चाललाय असं वाटायचं. आम्ही त्याला सापमान्या म्हणायचो. त्याच्या चोचीला आकडा नाही. ती सरळ, पोती शिवायच्या दाभणासारखी. या सापमान्यावरून आमच्या दोघांचं भांडण होतं, आणि ते लग्नाच्या इतर सगळ्या भांडणांपेक्षा जास्त टिकलं. ती म्हणायची, तो मासा चोचीनं भोसकतो. मी म्हणायचो, चोचीत धरतो.

"दाभणानं कुणी धरतंय का?" ती.

"मग भोसकलेला मासा चोचीतनं काढील कसा? त्याला हात हायेत का?"

"झटकितो. वर फेकितो अन् झेलितो. डोळे हायेत का तुमाला?"

एकदा काठाला एक मासा सापडला, कुशीत भोक पडलेला. तिनं तो माझ्या नाकापुढं धरला. मी म्हणलो, हे खेकड्याचं काम. ती दिवसभर बोलली नाही.

तिसरी पाणडुबी. मुठीएवढी, शेपूट नसल्यासारखी. तिची चोच बारीक आणि टोकदार, किडे न् बारके मासे टिपायची. दगड पडला, पोर ओरडलं, सावली हलली की ही डुबली. आमच्या ग्रामसेवकाचं हुबेहूब असंच होतं. कोणी काही विचारलं की तो गावातून नाहीसा व्हायचा आणि गंगाखेडला वर यायचा.

असं चाललं होतं. मग तलावातल्या माशांचा ठेका गावातल्या एका पुढाऱ्यानं घेतला. माशांची बारकी पिल्लं आणून त्यानं पाण्यात सोडली आणि लगेच त्याला दिसायला लागलं की सगळे पक्षी त्याच्याच नावानं जेवतायत.

ती वर्षं नामांतराची होती. पोरं लहान असताना ते सुरू झालं आणि मिटता मिटत नव्हतं. आमच्या गावातून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत कोणी गेलेलं नव्हतं. पण त्याचं नाव बदललं तर आपलं काय बुडेल हे सगळ्यांना पाठ होतं. कुठल्या कुठल्या गावात लोकांची घरं जाळली. आमच्या पारावर ते ऐकून काही जण गप्प राहिले आणि काही जणांना चहा गोड लागला. हा ठेकेदार तिथं रोज भाषण करायचा. एक दिवस त्यानं नाव सोडून पक्षी धरले. लोकांना फरक कळला नाही. आवाज तोच होता, हातवारे तेच होते, वर बोट करून दाखवलेला वैरी तेवढा काळ्या पंखांचा झाला.

त्यानं मला राखणीला ठेवलं. कारण जवारीच्या रानात माझी गोफण नावाजलेली. तिथं मचाणावर उभं राहून मी चिमण्या न् पोपटांचे थवे उठवायचो. तर जे जवारीला चालतं ते तळ्याला चालणार, असं सगळ्या गावाचं मत पडलं. माझंही पडलं, खोटं कशाला बोलू. आम्ही जवारी पिकवणारी माणसं. आम्हाला पाखरू म्हणलं की कणीस आठवतं.

पहिल्या दिवशी ठेकेदार स्वतः बघायला आला. मी गोफण फिरवली. दगड पाणडुबीजवळ पडला. पाणडुबी डुबली.

"मेली!" ठेकेदार ओरडला. "शाब्बास मामा! एक मेली!"

थोड्या वेळानं ती लव्हाळ्यापाशी वर आली.

"दुसरी आली! मारा, मामा, मारा!"

मी मारला. ती डुबली. तो आणखी खूश झाला. त्या सकाळी मी एकच पाणडुबी इतक्या वेळा मारली की माझा दंड भरून आला. शेवटी तो काळजीत पडला. म्हणला, "मामा, मारावं तेवढ्या वाढायल्यात ह्या. कुठनं यायल्यात एवढ्या?"

मी म्हणलो, "गंगाखेडहून."

ही भाकरी घेऊन आली होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

गोफणीनं भागेना तसं बुजगावणं ठरलं. तेही जवारीचंच ज्ञान. ठेकेदारानं त्यासाठी निवडणुकीतला आपला खादीचा सदरा आणि टोपी दिली. म्हणला, "माझा दरारा हाय. माणसं दबत्यात, तिथं पाखराची काय कथा?" तिनं सदऱ्यात कडबा भरला, मानेवर मडकं बसवलं, टोपी घातली. मी दोन्ही बाह्यांतून आडवी काठी घातली आणि उथळ पाण्यात बांबू रोवून ते उभं केलं. हात पसरून.

आता रानातल्या चिमणीला पसरलेले हात म्हणजे माणूस. पाणकावळ्याला पसरलेले हात म्हणजे बसायला जागा. त्याचा सगळा दिवस पंख पसरून वाळवण्यात जातो. त्याला वाटलं असेल, आपल्यातलंच कोणी आधी येऊन वाळत पडलंय. संध्याकाळपर्यंत ठेकेदाराच्या दोन्ही खांद्यांवर पाणकावळे ओळीनं बसले. ज्यांना बाभळीवर जागा मिळत नव्हती त्यांची सोय झाली.

खंड्यानं टोपी पसंत केली. तो निळा, डोक्यापेक्षा चोच मोठी. टोपीवरून पाण्यात सूर मारायचा, मासा आणायचा आणि गिळायच्या आधी मडक्यावर आपटायचा. टक, टक. भिंतीवर बसलेल्यांना ऐकू यायचं. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायला लागली. येणारा आधी बुजगावण्याला हात जोडायचा आणि मग हसायचा. पक्षी त्याच्यावर शिटायचेही, पण त्याची लाज बाळगायचं कारण नव्हतं.

"सदरा पांढरा हाय, दिसत न्हाई," ती म्हणायची. "म्हून तर ते पांढरं घालत्यात."

हे ठेकेदाराच्या कानावर गेलं. बुजगावणं काढायला तो कोणाला सांगणार? आपले कपडे, आपली टोपी. आपल्या हातानं आपल्याला पाडलं असं गावानं म्हणलं असतं. म्हणून सगळा राग बाभळीवर निघाला. शाळेच्या ओट्यावर त्यानं सभा घेतली. पक्ष्यांचं मूळ ते झाड, झाड तोडा, असा ठराव मांडला. सरपंचानं लगेच मान हलवली. सरपंच आधीच त्याच्या पोटात होता.

हेही पाण्यावर बघायला मिळतं. पाणकावळा मासा कधी शेपटाकडून गिळत नाही. वर फेकतो, फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो. शेपटाकडून गिळला तर काटे आणि पर उलटे होऊन घशात अडकतात. डोकं आधी गेलं की सगळे काटे अंगाला चिकटून बसतात. ठेकेदारानंही गाव डोक्याकडूनच घेतलं होतं. मग आमच्यासारखे काटे कशाला उभे राहतील?

झाड माझ्या रानातलं, म्हणून कुऱ्हाड माझी ठरली. मी हो म्हणलो. राखण सुटली असती तर पोटाला दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात मागून, बायकांतून, हिचा आवाज आला.

"ठेकेदारसायब, एक इचारू का?"

"काकू, ही माणसांची सभा हाय."

"पाखराचं चाललंय म्हून बोलले. पाणकावळ्याच्या चोचीला आकडा हाय, खरं हाय. पर पोट भरलं की त्यो पंख पसरून बसतोय. समद्यास्नी दाखवितो, बघा बाबा, काखंत काही न्हाई. तुमी कवा बसलाव तसं?"

ओट्यावर हशा झाला. सरपंचही हसला आणि मग ठेकेदाराकडं बघून थांबला.

"काकू, त्या झाडावर इतका जीव कामून?" ठेकेदारानं विचारलं.

"मह्या लेकरांची झोळी होती त्याला. समदं रान घेतलं, तेवढं ऱ्हाऊ द्या."

ठेकेदारानं हात जोडले. हात जोडले म्हणजे नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ठराव झाला. दोन दिवसांत झाड पाडायचं.

घरी आल्यावर ती भांडली नाही. तसं भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणली, चला, त्याचे डोळे पुसून गेलेत, काढून येऊ. ती ही संध्याकाळ, जिच्यापासून मी सुरुवात केली. डोळे काढून झाल्यावर आम्ही भिंतीवर बसलो. तिच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. ती फोडून देत होती, मी खात होतो. बाभळ पाणकावळ्यांनी भरली होती आणि जागेवरून त्यांची वचावचा चालली होती.

"अवो," ती म्हणली, "उद्या त्या बुजगावण्याला आणिक एक आडवी काठी बांधा. थोडी लांब बांधा."

"कशाला?"

"समदे तिकडं बसतील. झाड रिकामं दिसलं की त्याचा राग जाईल."

"मला पाखरं हाकलायला ठिवलंय. तू मला त्यान्ला बाज टाकायला सांगायलीस."

"आपल्याच खांद्यावर बसल्यावर त्यो काय करील? पुतळा त्याचाच हाय. झाडाला कुराड लावणं सोपं हाय, आपल्या पुतळ्याला लावंल का?"

"येडी हायेस."

"त्ये मला म्हाईत हाय. काठी बांधा."

तेवढ्यात सापमान्या वर आला, मी शेंगेचं टरफल टाकायला खाली बघितलं आणि तिनं माझ्या दंडाला चिमटा घेतला.

"बघितलं का? भोसकलेला व्हता!"

"तुला दिसला."

"मेल्याहो, बघत जा की!"

काठीचं मी हो म्हणलो नाही आणि नाहीही म्हणलो नाही. सकाळी चहाला हाक मारली तर ती उठली नाही. झोपेतच गेली होती. कोणाला त्रास नाही, कोणाला उठवणं नाही. पाणी न हलवता डुबली.

लेक पूर्णेहून दुपारी आली. तोवर गाव जमलं होतं. ठेकेदारही आला, पांढऱ्या सदऱ्यात, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा. मग हळू आवाजात म्हणला, "मामा, लाकडं कमी पडायलीत. नाही तरी ती बाभळ आज-उद्या तोडायचीच हाय. वाळलेली हाय. काकूच्या बी कामाला येईल. माणसं देतो."

माणूस दुःखातही किती सोयीनं बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी गोठ्यात गेलो आणि छपराचे वासे उतरवायला घेतले. बैल बाहेर बांधले. लोक म्हणले, मामा, गोठा मोडायलाव की काय? मी म्हणलो, व्हय. लाकडं पुरली. तलावाच्या काठाला तिला नेलं आणि अग्नी मीच दिला. माणसं होती तोवर बाभळीवरचे पक्षी उडून वर घिरट्या घालत राहिले. माणसं गेली तसे खाली बसले. ठेकेदाराच्या ठरावाची त्यांनी तरी काही भीड ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. चहा मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. मोडलेल्या गोठ्यातून एक बांबू उरला होता. तो खांद्यावर घेतला, कुऱ्हाड घेतली, खुंटीवरची गोफण घेतली.

लेक दारात आली. "आबा, सुतकात कुठं निघालाव कुराड घेऊन?"

"तुझ्या मायनं काम सांगितलंय," मी म्हणलो.

तलावावर ठेकेदाराचा गडी आधीच येऊन बसला होता. मला बघून त्याला हायसं वाटलं. "मामा, झाडाला आलाव ना? मालकानं मला मदतीला धाडलंय."

मी बांबू भिंतीवर आडवा टाकला आणि कुऱ्हाडीनं दोन्ही टोकं सारखी केली. मग धोतर खोचून पाण्यात उतरलो. पक्षी उडाले. बुजगावण्याच्या छातीशी बांबू आडवा धरला. बांधायला सुतळी आणलीच नव्हती. गोफणीच्या दोऱ्या सोडवल्या आणि त्यांनीच आवळून बांधला. जवारीच्या रानात जिनं नाव कमावलं ती गोफण तिथं संपली. वर बघितलं. खंड्यानं मासे आपटून उजवा डोळा पार उडवला होता. तिरळा होता तो जसाच्या तसा.

बाहेर येऊन भिंतीवर बसलो. गडी माझ्याकडं बघत राहिला. हळूहळू पाणकावळे परतले. आधी एक आला, त्यानं बांबूवर पाय रोवून बघितले, मग दुसरा. ऊन चढलं तशी नवी काठी भरली, जुनी भरली आणि सगळे पंख पसरून उभे राहिले. मागं बाभळ उघडी होती. तिचा वाळका फाटा, झोळी बांधायचा, लांबूनही ओळखू येत होता.

"मामा, मालकाला काय सांगू?" गडी म्हणला.

"सांग, झाड रिकामं हाय. बग, हाय का कुणी? समदे तुमच्याच अंगावर बसलेत म्हणावं. कुराड हितंच ठिवतो. मालकाला म्हणावं, येऊन आपल्याला पाडा."

गडी तोंडावर हात ठेवून हसला आणि गेला. मी कुऱ्हाड पायाशी ठेवून तिथंच बसून राहिलो. परवाच्या शेंगांची टरफलं भिंतीवर तशीच पडली होती. बुजगावण्याच्या पलीकडं पाणी हललं आणि सापमान्याची मान वर आली. चोचीला मासा होता. या वेळी मी खाली बघितलं नाही. चोच माशाच्या कुशीतून आरपार गेलेली होती. त्यानं मान झटकली, मासा वर उडाला आणि तो डोक्याकडून झेलून त्यानं गिळला.

"धरलेला व्हता," मी मोठ्यानं म्हणलो.

मग दंडाला चिमटा बसायची वाट बघत बसलो.